केनचा शनिवार

केनच्या शनिवारची सुरुवात कायम एल्गर या फिल्मनेच व्हायची. ब्लॅक अँड व्हाइट टेकड्या, त्यावरून पांढऱ्या घोड्यावर बसून सुसाट निघालेला एक पोरगा, आणि मागे सगळी व्हायोलिनं एकदम पेटल्यासारखी वाजतायत. तोवर हॉलमधे खुर्च्या ओढणं, कपबश्या, गप्पा हे सगळं चालू असायचं, ते त्या घोड्याबरोबर बंद. मी नऊ वर्षं हे पाहिलं आणि नऊही वेळा अंगावर काटा आला, खरंच सांगते.

मी २००३ च्या शेवटी नोकरीसाठी साउथहॅम्प्टनला गेले. गाव बंदराचं, पाऊस भरपूर, ओळखीचं कुणी नाही. लायब्ररीच्या बोर्डावर एका फिल्म मंडळाचा कागद लावलेला दिसला, मंडळ हा माझा शब्द हो, ते फिल्म सोसायटी म्हणायचे पण मला ते पहिल्या दिवसापासून मंडळच वाटलं, कारण सगळं तसंच होतं. चर्चच्या मागचा हॉल भाड्याने, घडीच्या खुर्च्या, वर्गणी, खजिनदार कायम काळजीत, रॅफलची तिकिटं, आणि मध्यंतरात चहाचं मोठं पिंप आणि कस्टर्ड क्रीम बिस्किटं. पंधरा दिवसाला एक सिनेमा. आणि वर्षातून एकदा जुलैच्या पहिल्या शनिवारी सकाळी अकरापासून रात्री दहापर्यंत फक्त केन रसेल या दिग्दर्शकाचे सिनेमे. कारण तो त्यांच्या गावचा. ३ जुलै १९२७ ला साउथहॅम्प्टनमधे जन्मला, वडलांचं चपलाबुटांचं दुकान होतं तिथे. म्हणून तो शनिवार म्हणजे केनचा शनिवार, आडनाव कुणी घ्यायचंच नाही, जसं आपण घरातल्या माणसाबद्दल बोलतो तसं.

मला केन रसेल कोण हे माहीत नव्हतं. इकडे नाव ऐकलं असेल तर ते असंच, भडक, अश्लील, चर्चवाल्यांना चिडवणारा, टीव्हीवर लाइव्ह कार्यक्रमात एका समीक्षकाच्या डोक्यात पेपरची गुंडाळी हाणणारा माणूस. ते सगळं खरंच आहे. पण मंडळात माझी त्याच्याशी ओळख झाली ती एका गॅरेजवरून. प्रोजेक्टरवाले काका (त्यांचं नाव सगळ्यांना माहीत होतं पण मी मनात कायम प्रोजेक्टरवाले काकाच म्हणायचे) पहिल्याच वर्षी मला म्हणाले की केन लहान होता, युद्ध चालू होतं, या गावावर बॉम्ब पडत होते आणि हा पोरगा वडलांच्या गॅरेजमधे हाताने फिरवायचा प्रोजेक्टर लावून शेजारपाजारच्यांना मूकपट दाखवायचा, त्यातले काही जर्मनच, आणि सोबत ग्रामोफोनवर रेकॉर्ड लावायचा. म्हणजे बाहेर जर्मन विमानं आणि आत जर्मन सिनेमा. मी ते ऐकलं आणि मला सरळ आमची सांगलीची गल्ली आठवली. गणपतीत रस्त्याच्या मधोमध पडदा बांधायचे, अर्धी गल्ली पुढून बघायची आणि जागा न मिळालेली आम्ही पोरं मागून, उलटा सिनेमा, हिरो डावखुरा. मी काकांना हे सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की ते पुढे प्रत्येक नव्या सभासदाला माझ्याकडे घेऊन यायचे, हिला विचार पडद्याच्या मागून सिनेमा कसा दिसतो.

तर एल्गर. ही एल्गर नावाच्या इंग्रज संगीतकारावरची १९६२ ची फिल्म, बीबीसीच्या मॉनिटर नावाच्या कार्यक्रमासाठी केलेली, त्याचा शंभरावा भाग. त्या काळी बीबीसीत खऱ्या माणसावरच्या माहितीपटात नट घ्यायचे नाहीत असा दंडक होता. आदल्या वर्षी प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकारावर फिल्म केली तेव्हा त्याला पियानोवरचे हात आणि पाण्यातलं प्रतिबिंब एवढंच दाखवायची परवानगी मिळाली होती. एल्गरच्या वेळी भांडून भांडून नट मिळवले, पण बोलायचं नाही या अटीवर. मग त्याने काय केलं तर माणसं लांबून दाखवली, चालताना, सायकलवर, पतंग उडवताना, आणि बोलायचं काम सगळं संगीताला दिलं. मला वाटतं पुढे जे काही भव्य आणि बेफाम त्याने केलं त्याचं मूळ त्या अटीत आहे. तोंड बंद केलं म्हणून तो चित्रांतून ओरडायला शिकला.

२००९ च्या उन्हाळ्यात आई आली होती. तिला इंग्रजी येत नाही, घरी एकटीला कुठे ठेवू म्हणून शनिवारी घेऊन गेले, डब्यात थालीपीठं. मी सांगितलं पहिला सिनेमा एल्गर, तर म्हणाली एल्गार? लढाईचा आहे का? म्हटलं नाही गं, संगीतकाराचं नाव आहे ते. पण शेवटी तर लढाईच आली ना. एल्गरची ती सुप्रसिद्ध धून, इंग्रज लोक अजून छाती फुगवून गातात ती, आणि त्यावर रसेलने पहिल्या महायुद्धाची खरी दृश्यं लावलीत, डोळे गेलेले सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने चाललेत. छाती फुगवायची सोयच नाही. आई काहीच बोलली नाही, पदर तोंडाला लावून बसली होती. मग दिवे लागल्यावर मला हळूच विचारलं, तो घोड्यावरचा पोरगा कुठे चालला होता गं? मी तो प्रश्न इंग्रजीत करून सगळ्यांना सांगितला आणि हॉलमधली चाळीस माणसं अक्षरशः गप्प झाली, मग चहावाल्या आजी म्हणाल्या की इतकी वर्षं बघतोय, हे कुणी विचारलंच नाही. त्यानंतर अर्धा तास त्यावरच चर्चा. आईला त्यातलं काही कळलं नाही पण तिच्या थालीपीठाचा डबा सगळीकडून फिरून रिकामा परत आला हे तिने नीट पाहिलं.

दिवसाचा क्रम साधारण असा असायचा की सकाळी टीव्हीवरच्या शांत फिल्म्स, दुपारी एक मोठा सिनेमा, रात्री एक बेफाम. सकाळच्यात माझा जीव साँग ऑफ समरवर, १९६८ ची. डिलियस नावाचा संगीतकार म्हातारपणी फ्रान्समधल्या खेड्यात आंधळा आणि लुळा होऊन पडलाय, डोक्यात संगीत शिल्लक आहे पण लिहिता येत नाही, आणि यॉर्कशरचा एरिक फेनबी नावाचा तरुण पोरगा आपणहून पत्र लिहून त्याच्याकडे जातो आणि त्याचे हात होतो. पहिल्या दिवशी म्हातारा सूर सांगायला लागतो तर ते सूर नाहीतच, नुसतं एकसुरी ता ता ता, आणि पोरगा घामाघूम, काय लिहू. फेनबी तेव्हा हयात होते आणि त्यांच्याच आठवणींवरून हे केलंय. रसेल स्वतः म्हणायचा की माझं सगळ्यात चांगलं काम हेच. ज्याला लोक फक्त नंग्या कुस्तीसाठी ओळखतात त्या माणसाने हे केलंय. (ती कुस्ती विमेन इन लव्हमधली, १९६९, ऑलिव्हर रीड आणि ॲलन बेट्स, शेकोटीसमोर. ती मला पहिल्यांदा बघताना अवघड झालं होतं, आता वाटतं दोन मित्रांना बोलता न येणारं सगळं त्यात आहे. ग्लेंडा जॅक्सनला ऑस्कर मिळालं त्या सिनेमासाठी.)

टॉमीचं, म्हणजे केनच्या त्या रॉक गाण्यांच्या सिनेमाचं वर्ष म्हणजे जत्रा. पोरं, नातवंडं सगळी यायची. सिनेमात ॲन-मार्ग्रेट टीव्ही फोडते आणि त्यातून साबणाचा फेस, बीन्स, चॉकलेट असा पूर येतो आणि ती त्यात लोळते, म्हणून त्या वर्षी जेवायला ठरलेलं, टोस्टवर बीन्स, दुसरं काही नाही. एल्टन जॉन त्या प्रचंड बुटांवर आला की पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडायची आणि कुणी त्यांना खाली बसवायचं नाही. टॉमीचं बरंच शूटिंग जवळच पोर्ट्समथला झालेलं, आणि ११ जून १९७४ ला साउथसीच्या साउथ परेड पिअरला शूटिंग चालू असतानाच आग लागली. आमच्या खजिनदारांनी तो धूर लहानपणी किनाऱ्यावरून पाहिलेला. दरवेळी ते सांगायचे, दरवेळी धूर थोडा जास्त काळा व्हायचा, आणि दरवेळी सगळे ऐकायचे. रसेलने ती खरी आग सिनेमातही घातली. तसा आग हा त्याचा आवडता विषय असावा, माहलर या संगीतकारावरचा त्याचा सिनेमा सुरू होतो तोच तळ्याकाठची लाकडी झोपडी एकदम भडकते तिथून, आणि ते तळं ऑस्ट्रियातलं नाही बरं का, इंग्लंडच्याच लेक डिस्ट्रिक्टमधलं, पैसे कमी होते म्हणून.

सगळंच मला आवडलं असं नाही. लिस्टोमानिया एकदाच लावला. लिस्ट या जुन्या संगीतकाराचा रॉकस्टार केलाय, बीटल्समधला रिंगो स्टार पोप, संगीतकार वाग्नरचा राक्षस, आणि मला शेवटी शेवटी डोकं दुखायला लागलं. चहावाल्या आजी मात्र खळखळून हसत होत्या, त्यांचं म्हणणं असं की केन पोरासारखा आहे, पोरगं कधी सुंदर चित्र काढतं कधी भिंत खराब करतं, खडू तोच असतो. आम्ही सिनेमानंतर चिठ्ठ्यांवर ए ते ई असे मार्क द्यायचो, त्या दिवशी ए पण भरपूर आणि ई पण भरपूर, मधलं कुणी नाही.

२००७ च्या जानेवारीत एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही. टीव्हीवरच्या सेलिब्रिटी बिग ब्रदरमधे शिल्पा शेट्टी गेली आणि त्याच घरात एकोणऐंशी वर्षांचा केन रसेल. ऑफिसात सगळे मला शिल्पाबद्दल विचारायचे आणि मंडळात सगळे केनची काळजी करायचे, तो नीट जेवतोय का, झोपतोय का. भांडणांना कंटाळून आठवड्याच्या आतच तो आपणहून बाहेर पडला तेव्हा आजींनी सुटकेचा श्वास टाकला. शिल्पा पुढे जिंकली. आदल्याच वर्षी न्यू फॉरेस्टमधलं त्याचं घर आगीत जळलं होतं. म्हातारा तेव्हाही घरच्या बागेत, छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर, ओळखीच्यांना घेऊन सिनेमे करत होता, मोठे स्टुडिओ पैसे देईनासे झाले म्हणून थांबला नाही. याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

२७ नोव्हेंबर २०११ ला तो गेला. पुढचा शनिवार २०१२ चा, आणि त्याच वर्षी केनच्या डेव्हिल्स या सिनेमाची डीव्हीडी ब्रिटनमधे पहिल्यांदा रीतसर निघाली होती. १९७१ चा सिनेमा, कितीतरी गावांच्या कौन्सिलांनी तेव्हा बंद पाडलेला, सेन्सॉरने कापलेला, आणि ही डीव्हीडी पण त्या कापलेल्याच प्रतीची. चर्चच्या हॉलमधे तो लावायचा नाही हे आमचं आमच्यातच ठरलं, कुणी नको म्हटलं नव्हतं, पण ज्यांचं घर वापरतो त्यांचा मान ठेवायचा. मग कुठे? प्रोजेक्टरवाले काका म्हणाले माझं गॅरेज आहे की. गाडी बाहेर काढली, भिंतीला चादर, वीस-बावीस माणसं दाटीवाटीने, शटर खाली. केनच्याच गावात, गॅरेजमधे. कुणी ते बोलून दाखवलं नाही पण सगळ्यांना कळत होतं.

सिनेमा सतराव्या शतकातल्या फ्रान्सचा. लुदाँ नावाचं गाव, त्याचा तट पाडायचाय सत्तेला, आणि मधे उभा आहे ग्रँडिए नावाचा पाद्री, बायकांच्या नादी लागलेला, गर्विष्ठ, अजिबात संत नाही. मग मठातल्या नन्सच्या अंगात येतं, सैतानाचा खटला होतो आणि १६३४ ला त्याला जिवंत जाळतात. खरी घडलेली गोष्ट. डेरेक जार्मनने सेटवर उभं केलेलं ते शहर पांढऱ्याशुभ्र फरशांचं आहे, हॉस्पिटलसारखं, न्हाणीघरासारखं, मला वाटलं होतं जुनाट काळोखं काहीतरी असेल. ग्रँडिए झालेल्या ऑलिव्हर रीडला मोडूनतोडून, डोकं भादरून उभं करतात आणि तो कबुली देत नाही ते नाहीच. मला भीती होती आजींची. त्या कट्टर कॅथलिक, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. शटर वर केलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता, त्या बराच वेळ डोळे मिटून बसल्या होत्या, मग म्हणाल्या की लोक म्हणतात यात देवाची विटंबना आहे, मला तर यात एकच माणूस प्रार्थना करताना दिसला आणि त्यालाच जाळलं. केन स्वतः मोठेपणी कॅथलिक झालेला, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं.

तो माझा शेवटचा शनिवार, २०१३ च्या मे महिन्यात आम्ही पुण्याला परत आलो.

एक फिल्म मात्र आम्हाला कधीच मिळाली नाही. डान्स ऑफ द सेव्हन व्हेल्स, १९७०, संगीतकार रिचर्ड श्ट्राउसवर, त्याच्या नाझी काळातल्या वागण्याची केनने सालटी काढलेली. श्ट्राउसच्या घरच्यांनी संगीताचे हक्क काढून घेतले आणि एकदा टीव्हीवर दाखवून ती बंद झाली ती कॉपीराइट संपेपर्यंत. दर जुलैला कुणीतरी म्हणायचंच, पुढच्या वर्षी बघू. २०२० च्या फेब्रुवारीत लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकच्या फिल्म फेस्टिव्हलला ती लावली, पन्नास वर्षांनी. आजी त्या वयात ट्रेन बदलत बदलत गेल्या. आल्यावर मला फोन केला आणि पाऊण तास एकेक सीन सांगितला, कुठे संगीत चढतं ते स्वतः गुणगुणून, मधेच खोकला, मग परत. मी काही विचारलं नाही, नुसतं ऐकत होते. महिन्याभरात लॉकडाऊन लागलं, त्या जुलैला हॉल बंद.

फोन ठेवल्यावर मी एल्गर लावला. आई आतल्या खोलीत पडली होती, तिथून हाक मारून म्हणाली, घोडा आला का? आवाज मोठा कर.