उभ्या गाडीचे पैसे

"अमेरिकेत फोन केल्यार गाडी किती येळात येता रे?" आरती आटोपून पडवीत टेकलो, तोच काकांनी विचारलं.

प्रश्नामागे कारण होतं. मागच्या पावसाळ्यात काकूच्या छातीत रात्री कळा आल्या. १०८ला फोन केला, गाडी आली, आत डॉक्टर होता, पैसा एक लागला नाही. पण गाडी थांबली साकवापलीकडे; त्या अरुंद पुलावरून तिला येता येईना. चौघांनी काकूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून भिजत तिथवर नेलं. शेवटी गोव्यात, बांबोळीला पोचली तेव्हा उजाडलं होतं.

मी 'पाच मिनिटांत' म्हणेन अशी काकांची खात्री होती. पण मी राहतो आयोवात, मक्याच्या शेतांमध्ये. आमच्याकडे ॲम्ब्युलन्सवर गावचीच माणसं असतात: एक शेतकरी, एक शाळेची बस चालवणारी बाई. पेजर वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. पगार नाही. मका काढणीच्या दिवसांत माणसं कुठून आणायची, हा दरवर्षीचा घोर.

आणि एवढं करून पेशंटच्या घरी बिल येतंच. अचानक येणाऱ्या बिलांपासून वाचवणारा कायदा तिथे २०२२ला लागू झाला. त्यात हवाई ॲम्ब्युलन्स घेतली, रस्त्यावरची वगळली! म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, पैसे देतो तो पेशंटला उचलून नेलं तरच. साखर उतरलेल्या आजोबांना घरीच शुद्धीवर आणलं आणि ते "मी नाही येत" म्हणाले, की मेडिकेअरकडून त्या फेरीचं काही मिळत नाही. गाडी दिवसरात्र सज्ज उभी असते, त्याचे तर नाहीच नाही.

आयोवाने २०२१मध्ये कायदा केला: काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, हवं तर ही सेवा 'अत्यावश्यक' ठरवावी आणि तिच्यासाठी घरपट्टीवर जादा कर लावावा, करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरला जास्तीत जास्त ७५ सेंट. मात्र लोकांचं मत घ्यायचं, आणि ६० टक्के 'हो' पाहिजेत. (मला मतदानाचा हक्क नाही, घरपट्टी मात्र आहे.) "मला कधी ॲम्ब्युलन्स लागली नाही, मी का भरू?" असं म्हणणारा शेजारी तिथेही भेटतो.

"म्हंजे आमच्या तरीवाल्यासारख्याच मां!" काका म्हणाले. खाडीवर पूल नव्हता तेव्हा तरीवाल्याला दर घरामागे वर्षाचं भात द्यायचे. खाडी ओलांडा नाहीतर घरी बसा, भात द्यायचंच. तो रात्री झोपडीत असायचा तो त्या भातावर.

मला हे आयोवात, या कराविषयीच्या बैठकीत सांगता यायला हवं होतं. आपल्याकडे २०१४मध्ये १०८ सुरू झाली, ९३७ गाड्या, तेव्हा हा उभं राहण्याचा खर्च सरकारनेच उचलला. हे मी तिथे सांगतो तर कुणाला खरं वाटत नाही.

"गाडयेचा झाला," काकांनी फडताळातून एक कागद काढला, "साकवाचा काय?" साकव रुंद करा, या अर्जाची ती प्रत. ग्रामसभेत दोनदा वाचून झालाय. तिसरा अर्ज विसर्जनाआधी मी लिहून द्यायचा, असं ठरलंय.