डीव्हीडीच्या जागी दुसरी हार्ड डिस्क

माझ्या लॅपटॉपमधली १ टीबीची डिस्क भरत आली होती. इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या मंडळाचे गणेशोत्सवातले कार्यक्रम, नाट्यवाचनं, ओळखीपाळखीच्या मुंजी, सगळ्याचं चित्रण माझ्याकडे येऊन पडतं. ‘पुसून टाकू का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘राहू दे हो, कधीतरी लागेल.’ लागत कधीच नाही, पण पुसायचं धाडसही होत नाही.

‘काका, पोर्टेबल डिस्क घ्या आणि मोकळे व्हा, कशाला उघडत बसता?’ असं पुतण्याचं म्हणणं. पण मी एडिटिंग बसेन तिथे करतो, कधी पलंगावर, कधी मंडळाच्या खोलीत. लोंबणारी वायर जरा हलली की डिस्क गायब आणि फायली सापडत नाहीत म्हणून एडिटिंगचा प्रोजेक्ट लाल. उभ्या डिस्का खोचायचा दोन खाचांचा डॉकही मित्राकडून आणून वापरून पाहिला. कॉपी करायला तो छानच. पण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते काही साध्या यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून डॉकला वेगळा अॅडॉप्टर. पावसाळ्यात लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू आणि डॉक बंद, तोही नेमका कॉपी चालू असताना. तेव्हा दुसरी डिस्क आतच बसली पाहिजे हे पक्कं केलं.

नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा एम-डॉट-टूची खाच असते, म्हणजे चपट्या पट्टीसारखी डिस्क बसवायची जागा. तिथे एनव्हीएमई चालते की साटा (डिस्क जोडायच्या या दोन पद्धती), एवढं बघून घेतलं की काम झालं. माझा लॅपटॉप जुना, त्यात ती खाच नाही. पण डीव्हीडी ड्राइव्ह आहे. ती काढून तिथे कॅडी बसवता येते. कॅडी म्हणजे डीव्हीडी ड्राइव्हच्याच मापाची चौकट, तिच्यात अडीच इंची डिस्क सरकवायची. डीव्हीडी ड्राइव्हचा कनेक्टर ७ अधिक ६ पिनांचा, डिस्कचा ७ अधिक १५ चा. डेटाच्या ७ पिना सारख्याच, फरक पॉवरचा. या दोघांची गाठ घालून देणं एवढंच कॅडीचं काम. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते आणि तेवढे तिथे मिळतात.

आता खरी गोम जाडीची. या कॅड्या बहुतेक दोन जाड्यांत येतात, ९.५ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर. दिसायला सारख्याच. माझी डीव्हीडी ड्राइव्ह खालचा एक स्क्रू काढला की बाहेर सरकते. ती पुतण्याच्या कॉलेजातल्या व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजली, ९.५ भरली. मग ती तशीच पिशवीत घालून आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल गाठला.

दुकानदाराने मॉडेल न विचारताच डबी पुढे केली. ‘भिया, सबमें लग जाती है, ले जाओ।’

मी पिशवीतून ड्राइव्ह काढून काउंटरवर कॅडीला टेकवून ठेवली. तीन मिलिमीटर म्हणजे काय ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

‘अरे, आपकी तो पतली वाली है!’ म्हणत तो आत गेला आणि दुसरी घेऊन आला. सोबत ५०० जीबीची एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरांचा संच घेतला. ज्याला कॅडी घ्यायची असेल त्याने जुनी ड्राइव्ह हातात घेऊनच जावं, मोबाइलमधला फोटो उपयोगाचा नाही.

कुठली डिस्क कुठे बसवायची यावर लोक फारसा विचार करत नाहीत. नवी वस्तू नव्या जागी, म्हणून एसएसडी कॅडीत जाते. पण बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत डीव्हीडीचा साटा पोर्ट मुख्य पोर्टपेक्षा मंद असतो. पहिल्या पिढीच्या साटातून सेकंदाला जेमतेम १५० एमबी, दुसरीतून ३००, तिसरीतून ६०० जातात. साटा एसएसडी ५५० च्या आसपास वाचते, तिला मंद पोर्टवर बसवली तर तिचे पैसे वाया. फिरणारी डिस्क १०० च्या मागेपुढे, तिला कुठलाही पोर्ट पुरतो. म्हणून एसएसडी मूळ जागी, तिच्यावर विंडोज, आणि जुनी १ टीबी कॅडीत. याला एक उलटी बाजूही आहे. मूळ जागेत बऱ्याचदा रबराचे आधार असतात, कॅडीत तसं काही नसतं, त्यामुळे चालू लॅपटॉप आपटला तर फिरणाऱ्या डिस्कला धोका जास्त. मी तो चालू असताना उचलून इकडून तिकडे नेत नाही, म्हणून मला चाललं.

उघडण्याआधी दोन कामं उरकली. सगळं चित्रण मित्राच्या डॉकवरून साडेतीन इंची डिस्कवर उतरवलं (६०० जीबीच्या वर होतं, दुपार गेली). आणि जुन्या डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू नाही ना ते पाहिलं. चालू असेल तर नव्या विंडोजखाली ती डिस्क ४८ आकडी रिकव्हरी की मागते, आणि ती कुठे ठेवली ते घरात कुणालाच आठवत नसतं.

बॅटरी काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली. विंडोज घालताना जुनी डिस्क मुद्दाम बाहेरच ठेवली. दोन्ही डिस्का जोडलेल्या असल्या तर विंडोज स्वतः नव्या डिस्कवर जातं, पण बूटच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू करायच्या फायली जुन्या डिस्कवर त्यांच्यासाठी आधीच असलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकू शकतं. मग पुढे जुनी काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही. विंडोजचं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं होतं, त्यामुळे लायसन्सची की विचारली नाही.

मग कॅडी. डिस्क कनेक्टरच्या बाजूला सरकवायची, मागून प्लॅस्टिकचा अडसर लावायचा, बाजूचे स्क्रू बोटानेच आवळल्यासारखे आवळायचे. डीव्हीडी ड्राइव्हच्या मागची पत्र्याची पट्टी काढून कॅडीला लावली, कारण लॅपटॉपचा खालचा स्क्रू तिच्यातच जातो. सर्वांत नाजूक काम पुढच्या प्लॅस्टिकच्या तोंडाचं. डीव्हीडीचा ट्रे टाचणीने उघडायचा, आतून तीन इवल्याशा खुंट्या एकेक करून नखाने दाबायच्या आणि तोंड अलगद ओढायचं. शेवटची खुंटी काही सुटेना. ‘तोड आता ते, म्हणजे एकदाचा आवाज तरी बंद होईल,’ असा घरातून सल्ला आला. सुटली अखेर. ते तोंड कॅडीला बसवलं की बाहेरून काही बदलल्याचं कळतही नाही.

सुरू केल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन बूट क्रमात एसएसडी वर घेतली, नाहीतर जुन्या डिस्कवरचं विंडोज उठलं असतं. जुनी डिस्क लगेच दिसली. तिच्यावरचं युजर्स फोल्डर उघडताना परवानगी नसल्याचा संदेश येतो. घाबरायचं नाही, कंटिन्यू दाबलं की थोडं थांबून उघडतं. (कोरी डिस्क घातली असती तर ती आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशियलाइज करावी लागते, तोवर फाइल एक्सप्लोररमध्ये कितीही शोधा, दिसत नाही.) डॉक्युमेंट्स आणि व्हिडिओजच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशनचा टॅब असतो, तिथून दोन्ही फोल्डर कॅडीतल्या डिस्कवर हलवले. एडिटिंग चालू असलेला प्रोजेक्ट तेवढा एसएसडीवर, संपला की पलीकडे.

रात्री शांततेत कॅडीतल्या डिस्कची बारीक गुणगुण येते. पॉवर ऑप्शन्समध्ये काम नसताना दहा मिनिटांनी डिस्क थांबवायचं लावून दिलं. आता गाणी-बिणी ऐकत असलो की ती झोपलेली असते, पहिली फाइल उघडताना मात्र क्षणभर खोळंबते.

डीव्हीडी ड्राइव्ह वाया गेली नाही. तिच्यासाठी यूएसबीचं कव्हर मिळतं, त्यातही ९.५ आणि १२.७ चा तोच घोळ. मंडळातल्या लोकांच्या लग्नाच्या डीव्हीड्या आता त्यातून उतरवून घेतोय, म्हणजे १ टीबी पुन्हा भरायला लागलीच.