माले जमी का?

जळगाव, भुसावळ, अमळनेरकडची मुलं मला हा प्रश्न नेहमी विचारतात. कुणी पुस्तकी मराठीत, कुणी थेट अहिराणीत: "सर, प्रोग्रामिंग माले जमी का?" म्हणजे, मला जमेल का? आणि लगेच पुढचा: किती दिवस लागतील? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

दिवसांचा आकडा मी देत नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतले व्हेरिएबल (माहिती ठेवायची नावं), इफ (अट), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा) लवकर समजतात. व्हिडिओ बघताना तर सगळंच पटत जातं. मग रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही, आणि तिथेच बरीच मुलं ठरवून टाकतात की आपलं डोकं या कामाचं नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण खरं शिकणं तिथूनच सुरू होणार असतं.

म्हणून मी पहिला प्रोग्राम घरच्या हिशेबाचा करायला सांगतो. रावेरकडच्या एका मुलीने केळीचा घेतला: काट्यावरचं वजन, नवतीचा (नव्या लागवडीच्या केळीचा) भाव वेगळा, पिलबागेचा (जुन्या झाडाच्या पिलांपासून आलेल्या केळीचा) वेगळा, शेवटी एकूण रक्कम. आधी तिने नुसती वजनांची बेरीज केली. १२ क्विंटल आणि ५ क्विंटल टाकले, उत्तर आलं १२५. एरर काहीच नाही! पायथनमध्ये इनपुटने, म्हणजे वापरणाऱ्याकडून टाइप करून घेतलेली प्रत्येक गोष्ट मजकूर असते, आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की ते एकमेकांना जोडले जातात. हे मी तिला सांगितलं नाही. तिने ओळीओळीला प्रिंट (पडद्यावर दाखवायची सूचना) टाकून प्रत्येक व्हेरिएबलमध्ये काय आहे आणि त्याचा टाइप, म्हणजे तो आकडा की मजकूर, हे तपासलं, आणि कारण स्वतः शोधलं. मग फ्लोट वापरून त्या मजकुराचे दशांशासह आकडे केले. पुढे तिनेच विचारलं, वजनाची जागा कुणी रिकामी सोडली तर? या प्रश्नावर मी खूश झालो. ती आता प्रोग्रामरसारखा विचार करत होती.

दुसरी भीती इंग्रजीची. एररचा लांबलचक मजकूर दिसला की मुलं खिडकीच बंद करतात. पायथनची एरर खालून वाचायची. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, त्याच्या वर कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर. नेमएरर म्हणजे त्या नावाचं काही सापडलं नाही. बहुतेकदा स्पेलिंग चुकलेलं असतं. इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बिघडली. असे मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात. एआयला विचारायचंच असेल तर एररचा अर्थ विचारा, तयार कोड मागू नका. निदान पहिले काही महिने तरी.

चुका फक्त नवख्यांच्याच होतात असंही नाही. केंब्रिजचा एडसॅक संगणक १९४९ मध्ये सुरू झाला. तो उभारणाऱ्या मॉरिस विल्क्स यांनी आठवणींत लिहून ठेवलंय की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना त्याच काळात उमगलं.

अडलात तर मला जरूर लिहा. नुसतं "चालत नाहीये" एवढंच नको. कोड पाठवा, काय यायला हवं होतं आणि काय आलं ते सांगा. मराठीत लिहा, अहिराणीत लिहा; एरर मात्र जशीच्या तशी, पूर्ण.