डोक्यावर टोपी, समोर एआय

आज नेरुळला भाचीच्या कॉलेजात तिच्या प्रोजेक्टसाठी डोकं उसनं देऊन आले. ईईजीची, म्हणजे मेंदूतले विजेचे सिग्नल टिपणारी टोपी, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली गारगार जेल. ते केसांतून अजून निघत नाहीये.

डोळे मिटले की स्क्रीनवर अल्फा लहरी ठळक होतात, सेकंदाला साधारण ८ ते १३. जर्मन डॉक्टर हान्स बर्गरने १९२९ सालीच हे छापलं होतं. दात आवळले तर मात्र सगळा आलेख काळा! तो मेंदू नव्हे, जबड्याचे स्नायू. मेंदूचा सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये, त्यामुळे भाची सारखी, "मावशी, हलू नकोस ना गं!"

मग एक परिच्छेद स्वतः लिहायचा, दुसरा चॅटजीपीटीबरोबर. दुसरा पटकन झाला, पण माझा वाटेना. लहरींत फरक काय? "एकीवरून काही ठरत नाही," म्हणाली. शहाणी आहे.

असाच प्रयोग मोठा झालाय: अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २०२५ मध्ये ५४ जणांकडून निबंध लिहून घेतले: काहींना चॅटजीपीटी, काहींना सर्च इंजिन, काहींना नुसतं डोकं. चॅटजीपीटीवाल्यांच्या मेंदूच्या भागांमधली जोडणी सगळ्यात कमी दिसली, आणि बहुतेकांना आपल्याच निबंधातलं वाक्य धड सांगता येईना. लगेच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'एआयने मेंदू सडतो'! अरे, माणसं किती, कामाचा प्रकार एकच, आणि असले शब्द वापरू नका हे संशोधकांनीच सांगितलंय.

भाचीला अजून माणसं हवी आहेत. ठाणे-नेरुळ लाइनवरचं कोणी येणार असेल तर कळवा. फक्त डोक्याला तेल लावून येऊ नका.