बादली डोक्यावर

मेळघाटात पहिली-दुसरीला इंग्रजी शिकवतो म्हटलं, की दर्यापूरकडचे माझे पाहुणे विचारतात, "त्यायले मराठी तरी येते का?" विचारतात ते काही खोटं नाही. शाळा मराठी माध्यमाची, पोरांच्या घरात कोरकू, आणि बाजारात चालते हिंदी. कोरकू मुंडा कुळातली, झारखंडकडच्या संथाळीच्या नात्यातली भाषा. मराठीशी तिचं गोत्र जुळत नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आली. इथल्या पोरांना मराठीच अजून पचायची होती, तिच्या जोडीला ही दुसरी येऊन बसली.

मग 'स्टँड अप म्हणजे उभे राहा' असं सांगून त्यांना काय कळणार? म्हणून मी हुकमांवर चालतो. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडलेली पद्धत आहे ही. आधी ऐकायचं, ऐकलेलं अंगाने करायचं, बोलणं मागाहून आपल्या सवडीने येतं. प्रशिक्षणात हा भाग जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत उरकतात, आणि यातली मेख काही सांगत नाहीत. हुकूम रोज एकाच क्रमाने दिले, तर पोरं क्रम पाठ करतात. 'डोअर' म्हणताना आपली नजर दाराकडे गेली, की झालं. पोरं कान सोडून आपले डोळे वाचतात. शेजाऱ्याचं बघून करणारा नेहमी किंचित मागे पडतो. टाळी सगळ्यांची वाजते, पण त्याची टाळी शेवटच्या थेंबासारखी एकटी पडते. मला ती ऐकायची सवय झाली आहे. तरीही शंका असली तर वेडपट हुकूम द्यायचा, 'पुट द बकेट ऑन युअर हेड'. ज्याला कळलं तो हलायच्या आधी हसतो. तेवढ्या वेळात नक्कल करता येत नाही.

दुसरीत एक पोट्टा आहे. दिवाळीनंतर आईबापासोबत बांधकामावर गेला, तो होळीला परत आला. कोरकू माणूस कामासाठी कुठंही गेलेला असो, होळीला गावी येतोच. त्यामुळे आमचे हजेरीपट दिवाळी ते होळी कसे दिसतात ते विचारू नका. हा पोट्टा पहिलीतही तोंड उघडत नसे, ना मराठीत, ना इंग्रजीत. त्याला मी सगळ्यांत पुढे बसवलं. पुढच्या रांगेतल्याला कुणाचं बघून करता येत नाही.

त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले. खुर्ची मागे टाकून बसले. टर्न अराउंड, टच द वॉल, हॉप, असं थोडं झाल्यावर मी बादलीचा हुकूम सोडला. बादली माझ्या पाठीमागे कोपऱ्यात होती, मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. 'हेड' तोंडातून पुरतं निघायच्या आत पोट्टा फिसकन हसला. मागची पोरं अजून एकमेकांची तोंडं बघत होती. हा उठला, कोपऱ्यात गेला. बादलीत तळाला पाणी होतं. ते त्याने दाराबाहेर नेऊन ओतलं, बादली झटकली, आणि मग डोक्यावर घातली. पाणी ओतायचं मी बोललो नव्हतो.

साहेब म्हणाले, "हसतो काय रे?" मग बादलीवर बोट ठेवून, "व्हॉट इज धिस?" पोट्टा गप्प. मराठीतून विचारलं, तरी गप्प. शेरेबहीत उमटलं, 'विद्यार्थी तोंडी उत्तरे देत नाहीत. सराव वाढवावा.'

साहेब माणूस वाईट नाहीत. त्यांच्या तक्त्यात 'बोलतो' असा रकाना आहे, 'समजतो' असा नाही, ते तरी काय करतील? पण पाणी ओतताना त्यांनी पाहिलं होतं, हे काही माझ्या मनातून जात नाही. आमचे दुसरे गुरुजी म्हणाले, "आता पानी ओतल्याचाही रकाना मागतं का? शेरा लिवला, चहा घेतला, गेले. सोड ना बावा."

सोडवलं नाही. अंगणवाडीच्या ताईंना घेऊन त्याच्या घरी गेलो. माझी कोरकू अजून दुकानापुरतीच आहे. आई बोलत गेली आणि ताई हसायलाच लागल्या. "गुरुजी, तिकडं रेतीच्या ढिगावर हा रोज शाळा भरवे म्हन्ते. लहान लहान पोट्टे बसवे अन् सिट डाऊन, स्टँड अप. मुकादमाच्या पोरालेही उठबस कराले लावे."

म्हणजे हा बोलतो. हुकूम देण्याइतकं बोलतो, तेही शाळेशिवाय चार महिने टिकवून. दुसऱ्या दिवशी मी त्याला फळ्याजवळ उभं केलं, म्हटलं, आज तू सांग. त्याने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला.

आता वर्षअखेरची तोंडी परीक्षा घ्यायची आहे. पहिलीची पोरं त्याच्यापुढे बसवावी आणि आपण व्हरांड्यात हजेरीपट घेऊन बसावं, कान आत ठेवून, असं चाललं आहे डोक्यात. दुसरे गुरुजी म्हणतात, हे नियमात बसत नाही. मी परिपत्रक पुन्हा काढून वाचलं. गुरुजी खोलीतच असला पाहिजे, असं मला तरी त्यात कुठं दिसलं नाही.