टेबल टेनिसचं रबर: महाग घ्यायचं की स्वस्त घेऊन लवकर बदलायचं?

मुलाने राज्य मानांकन स्पर्धेत दोन फेऱ्या काढल्या की घरात विषय निघतोच, आता बॅटला बटरफ्लाय कंपनीचं महागडं टेनर्जी रबर घ्यायचं का? क्लबमधला एखादा मोठा मुलगा 'डिग्निक्स' या दुसऱ्या महाग रबराशिवाय बॉल फिरतच नाही, असं सांगून मोकळा झालेला असतो. बॅटच्या एका बाजूच्या रबराला पाच हजारांच्या वर, म्हणजे दोन्ही बाजूंचे दहा-अकरा हजार. आमचं मत सरळ आहे. आठवड्याला सहा तासांपेक्षा कमी खेळणाऱ्याने एवढे पैसे रबरवर घालू नयेत. स्वस्त रबर घ्यावं आणि ते मरायच्या आत बदलावं.

रबर मरतं, हे बरेच पालक धरतच नाहीत. फाटलं नाही म्हणजे चालू आहे, असा समज असतो. पण स्पंजवाल्या रबरचा (वर रबराचा पातळ थर म्हणजे टॉपशीट, खाली स्पंज) चांगला काळ साधारण 80 ते 100 तासांचा. पुढेही त्याने खेळता येतं, फक्त सर्व्हिसला धार राहत नाही आणि टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढे फिरकी देऊन मारलेले फटके, टेबलाबाहेर जायला लागतात. मुलगा आठवड्यातून तीन दिवस दीड-दीड तास खेळत असेल तर पाच महिन्यांत ही मर्यादा येते. 90 तास धरून हिशेब करा. हजारभराचं रबर दोन्ही बाजूंना लावलं तर तासाला साधारण 22 रुपये, साडेपाच हजारांचं लावलं तर 122. घरोघरी होतं काय, तर महाग रबर घेतलं म्हणून ते दोन वर्षं ओढलं जातं. आणि दोन वर्षं जुनं टेनर्जी आणि गेल्या महिन्यात लावलेलं साधं चायनीज रबर यांत आम्ही डोळे मिटून दुसरं घेऊ.

रबर संपलंय का, हे पाहायला यंत्र लागत नाही. बॅट उजेडात तिरकी धरा. मधोमध, जिथे बॉल जास्त बसतो, तिथला भाग कडेपेक्षा वेगळा चमकतोय का किंवा पांढुरका पडलाय का ते बघा. मग नवा बॉल तळव्याखाली दाबून आधी रबरच्या कडेला आणि नंतर मध्यभागी सरकवा. कडेला अडतो आणि मध्ये सहज घसरतो, म्हणजे टॉपशीट गेलं. आधी ओल्या फडक्याने पुसून वाळवूनच ही परीक्षा करा, नाहीतर नुसत्या धुळीमुळे चांगलं रबर बाद ठरायचं.

मग महाग रबरात पैसे कशाचे? मुख्यतः स्पंजचे. पूर्वी खेळाडू सामन्याआधी स्पीड ग्लू लावायचे, त्यातल्या द्रावकाने स्पंज फुगून ताणला जायचा आणि बॉल उसळायचा. 2008 मध्ये असे ग्लू बंद झाले. त्याच वर्षी बटरफ्लायचं टेनर्जी आलं, ज्याच्या स्पंजमध्ये ती उसळी कारखान्यातच भरलेली होती. जर्मन 'टेन्सर' रबरांचंही तत्त्व तेच. हलक्या हातानेही बॉल जोरात जातो, टेबलापासून लांब उभं राहून मारलं तरी पोचतो. पण हीच उसळी समोरच्याची सर्व्हिस परतवताना अंगावर येते. छोटा पुश (हलका ढकललेला फटका) टाकायला जावं तर बॉल वर उठतो आणि समोरचा तो ठोकतो. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याच्या चुका महाग रबर वेगाने पलीकडे पोचवतं, एवढंच.

मधली पायरीही आहे. जर्मनीतला ईएसएन हा एकच कारखाना कितीतरी ब्रँडना रबर करून देतो, त्यामुळे दोन वेगळ्या पाकिटांतली रबरं एकाच छपराखाली बनलेली असू शकतात. झिऑमचं वेगा युरोप किंवा त्या वर्गातलं मऊ टेन्सर अव्वल रबराच्या साधारण निम्म्या किमतीत मिळतं आणि क्लब पातळीवर त्यापुढचा फरक फार थोड्यांना कळतो. यासाकाचं मार्क फाइव्ह 1969 पासून बाजारात आहे. तरुण खेळाडू त्याला नाक मुरडतात, पण स्ट्रोक शिकायला ते अजूनही उत्तम.

स्वस्तात खरी गंमत चायनीज रबरांची. यिन्हेचं 'मर्क्युरी 2' हे रबर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतं, पकड चांगली आणि वेग आटोक्यात. डीएचएसचं 'हरिकेन 3' त्याहून महाग, चिकट आणि कडक. चीनचा ऑलिम्पिक विजेता मा लाँग फोरहँडला हरिकेनच वापरायचा, हे ऐकून पालक ते दहा वर्षांच्या मुलाला लावून देतात. तिथेच घोटाळा होतो. कडक स्पंज दाबला जायला हाताचा वेग लागतो, कंबरेपासून फिरावं लागतं. नुसत्या मनगटाने ओढलं तर बॉल स्पंजमध्ये शिरत नाही, टॉपशीटवरून निसटून जाळ्यात जातो. शिवाय मा लाँगला मिळणारं हरिकेन आणि दुकानातलं हरिकेन यांत नावापलीकडे बराच फरक असतो.

स्पंजच्या कडकपणाच्या आकड्यांवरही जाऊ नका. हरिकेनवर 39 किंवा 40, जर्मन रबरवर 47.5, टेनर्जी 05 वर 36. यावरून हरिकेन जर्मन रबरापेक्षा मऊ वाटेल. प्रत्यक्षात ते हाताला जास्त कडक लागतं, कारण तिघांच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. एकाच कंपनीच्या दोन रबरांची तुलना करायची असेल तरच तो आकडा कामाचा.

नुकतं शिकणाऱ्याला दोन्ही बाजूंना मध्यम कडक स्पंजचं स्वस्त रबर, स्पंजची जाडी 1.8 मिमी. वर्षभराने फोरहँडला 2.0. 'मॅक्स'ची, म्हणजे सर्वात जाड स्पंजची, घाई नको. जाड स्पंज जडही असतो, आणि लहान मुलाच्या बॅटचं वजन 165 ग्रॅमच्या पुढे गेलं की मनगट खाली पडायला लागतं. स्वस्त रबरांत एकाच नावाच्या दोन शीटच्या वजनात काही ग्रॅमचा फरक निघतो. दुकानदाराकडे काटा असेल तर हलकं निवडून घ्या. स्पर्धा खेळायची असेल तर रबरवर आयटीटीएफचं (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाचं) चिन्ह हवं, आणि चिकटवताना ते मुठीजवळ पूर्ण दिसलं पाहिजे. टेनर्जी निम्म्या किमतीत मिळतंय म्हणजे बहुधा नक्कल आहे.

आता आपला पाऊस. जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटतं तेव्हा रबरवरही ओलीचा पातळ थर बसतो. चिकट चायनीज रबराला हे जास्त भोवतं, टॉपस्पिन मारताना बॉल अचानक सटकतो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. साडेपाच हजारांचं रबरही यातून सुटत नाही. दर सहा गुणांनी टॉवेल घ्यायची मुभा असते, तेव्हा बॅटही कोरड्या सुती फडक्याने पुसावी. खेळून झाल्यावर रबर पूर्ण वाळवूनच प्लास्टिकची फिल्म लावा, ओलावा आत कोंडला तर टॉपशीट लवकर खराब होतं. बॅटच्या कव्हरमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. आणि पाऊस असो की मे महिना, बॅट स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने ग्लू सुटतो, रबरखाली फुगे येतात.

पावसात रबर चिकटवण्याचं कामही सावकाश करावं लागतं. जुनं रबर मुठीच्या बाजूने, हळूहळू, लाकडाच्या रेषांच्या दिशेने सोलायचं. झटका दिला की लाकडाचे तंतू निघून येतात. पाण्यावर आधारित पांढरा ग्लू स्पंजवर तीन-चार मिली पुरतो. तो छोट्या स्पंजच्या तुकड्याने एकाच दिशेने पसरवायचा, लाकडावर त्याहून पातळ हात. दुधी रंग जाऊन तो पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात वीस मिनिटं पुरतात, जुलैत पाऊण तासही लागतो, आणि हेअर ड्रायर गरम हवेवर लावून घाई केली तर स्पंज आकसतो. वाळल्यावर मुठीकडून सुरुवात करून रबर न ताणता टेकवत न्यायचं, वरून लाटणं हलकं फिरवायचं, फुगा दिसला तर तेवढा भाग उचलून पुन्हा बसवायचा. रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवून सकाळी धारदार कात्रीने कड कापायची. ताणून बसवलेलं रबर चार दिवसांत कडेने आत सरकतं, मग लाकूड उघडं पडतं आणि एखाद्या कडक पंचाने बॅट तपासायला मागितली की वाद होतो.