थोडे पुढे, थोडे मागे

गॅलरीतल्या जास्वंदीवर दुपारच्या वेळी शिंजीर येतो, आणि त्याचा फोटो काढायला कॅमेरा उचलला की ऑटोफोकस हटकून मधल्या गजांवर जाऊन बसतो. त्याच्या अचूकतेत तसे काही उणे नाही. जवळची, ठळक कडांची वस्तू त्याने बिनचूक पकडलेली असते. अशा वेळी मी लेन्सवरची कळ मॅन्युअलकडे सरकवतो आणि रिंग फिरवू लागतो.

ही खोड काकांची. त्यांच्या एसएलआरच्या, म्हणजे लेन्समधले दृश्य आरशावरून डोळ्यापर्यंत पोचवणाऱ्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध एक दुभंगलेले वर्तुळ होते. फोकस चुकला की त्यातली उभी रेघ तुटे, साधला की जुळे. लग्नाच्या मांडवात ते खांब किंवा पदराचा काठ अशी एखादी उभी कड शोधत, आणि आडवीच सापडली तर कॅमेरा तिरका करत. वर्तुळाबाहेरच्या काचेवर पाहून फोकस करायचा असला, तर चेहरा स्पष्ट दिसला तरी थांबत नसत. थोडे पुढे जात, तो पुन्हा धूसर झाला की मागे येत. तोवर आत्याचे हसू मावळलेले असे.

यंत्रानेही हेच दोन मार्ग धरले, याची मला गंमत वाटते. कॉन्ट्रास्ट पाहणारा ऑटोफोकस असाच पुढे जाऊन मागे येतो, आणि आपण त्याला चाचपडणारा म्हणून हसतो. फेज डिटेक्शन दोन प्रतिमांमधला फरक मोजून कोणत्या बाजूला किती सरकायचे ते आधीच ठरवते, म्हणजे ती तुटलेली रेघच वाचते. १९८५ साली मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्याने ही सोय एसएलआरच्या पोटातच बसवली. पुढे डिजिटल एसएलआरमध्येही मोजणारा सेन्सर चित्र घेणाऱ्या सेन्सरपासून वेगळा, आरशाखाली असे. दोघांच्या अंतरात किंचित तफावत पडली, की बीप वाजूनही डोळ्याऐवजी कान स्पष्ट येई. ८५ मिमीच्या लेन्सने एफ १.४ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र खूप मोठे उघडून, दीड मीटरवरून चेहरा टिपला, तर स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढे स्पष्ट येते ते अंतर, जेमतेम अडीच सेंटिमीटर भरते. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात चित्र घेणारा सेन्सरच मोजमाप करतो, त्यामुळे तो तंटा मिटला.

काकांच्या शेवटच्या काही रोलमधले फोटो सगळेच किंचित धूसर आहेत. लेन्सला बुरशी लागली असावी, असे घरात ठरले आणि दुसरी लेन्स घेण्याच्या गोष्टीही झाल्या. दोष मोतीबिंदूचा होता. रेघ जुळत नाही, हे त्यांना आमच्या कितीतरी आधी कळले असणार. तरी ते ‘हलू नका’ म्हणून आम्हालाच दटावत.